धुक्यातलं झाड चित्रासारखं का दिसतं, आणि तसा फोटो कसा काढायचा

जंगलाचा फोटो काढणं अवघड असतं, याचं कारण जंगलात सगळंच एकाच वेळी बोलत असतं. समोर झुडपं, त्यामागे वेली, त्यांच्यामागे खोडं, फांद्यांच्या फटीतून डोकावणारे आभाळाचे पांढरे तुकडे. उभं राहून बघताना डोळा आणि मेंदू मिळून यातलं हवं ते निवडतात. कॅमेऱ्याला निवडता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात गूढ वाटलेली रानवाट फोटोत नुसती हिरवी गर्दी होऊन बसते.

धुकं ही गर्दी मोडतं, आणि तीही एका ठरावीक हिशेबाने, अंतराप्रमाणे. जवळचं ठेवतं, मधलं फिकट करतं, लांबचं पुसून टाकतं. चित्रासारखा फोटो हवा असेल तर सगळ्यात आधी हा हिशेब समजून घ्यावा. सॉफ्टवेअरमधले ब्रशचे फराटे, कॅनव्हासचा पोत वगैरे नंतरच्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते बहुतेक वेळा नकोतच.

आपल्याकडे हे शिकायला सह्याद्रीचा माथा फार चांगला. सिंधुदुर्गातली आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे घाटाला धडकून वर चढतात, वर जाताना थंड होतात आणि त्यांचे ढग होतात. माथ्यावर उभ्या माणसाला धुकं वाटतं ते म्हणजे हा ढगच असतो. हिवाळ्यातलं धुकं वेगळं. निरभ्र, शांत रात्री जमीन उष्णता टाकते, तिच्या लगतची हवा गार होते आणि दरीत किंवा नदीकाठी धुक्याची सपाट चादर पसरते. ती सूर्य वर आला की तास-दोन तासांत विरते. पावसाळी धुकं दिवसभर येत-जात राहतं, पण त्याची दाटी मिनिटामिनिटाला बदलते. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे लवकर पोचणं महत्त्वाचं. पावसाळ्यात एका चांगल्या झाडासमोर थांबून राहणं जास्त कामाचं. आत्ता काहीच दिसत नसलं तरी दहा मिनिटांत हवा तेवढाच पडदा मागे उभा राहू शकतो, आणि पुढच्या मिनिटाला जाऊही शकतो.

महाबळेश्वरच्या जुन्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडं सोबतीने वाढतात. वारा आणि उथळ माती यांमुळे ती फार उंच होत नाहीत. खोडं वाकडी, पिळदार, बुंध्यातूनच अनेक फांद्या फुटलेल्या, अंगावर शेवाळ, नेचे आणि आमरीचे झुबके. सरळसोट निलगिरी किंवा सुरूच्या रांगांपेक्षा ही झाडं धुक्यात कितीतरी जास्त बोलकी दिसतात, कारण मागचा तपशील गेल्यावर उरते ती फक्त आकृती, आणि आकृतीत यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आता धुकं हे पुसण्याचं काम करतं कसं ते पाहू. धुक्यातला एकेक थेंब साधारण १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, त्यावरून अंदाज यावा. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हे थेंब बरेच मोठे असल्यामुळे ते निळा, हिरवा, तांबडा अशा सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. म्हणून धुकं पांढरं किंवा राखाडी दिसतं. उन्हाळ्यात लांबचे डोंगर निळसर दिसतात ते हवेतल्या अतिशय सूक्ष्म कणांमुळे. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात.

तुमच्या आणि झाडाच्या मधल्या हवेत असे असंख्य थेंब असतात आणि ते एकाच वेळी दोन गोष्टी करतात. झाडाकडून येणारा प्रकाश वाटेतच इकडेतिकडे उडवतात, आणि आजूबाजूचा प्रकाश तुमच्या डोळ्याकडे वळवतात. म्हणजे झाडाचा स्वतःचा रंग कमी होतो आणि वर पांढऱ्याचा थर चढतो. अंतर वाढेल तसे दोन्ही परिणाम वाढत जातात. काळं खोड लांब गेलं की राखाडी होतं, अजून लांब गेलं की पार्श्वभूमीत मिसळतं.

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की त्याला धुकं म्हणतात. फोटोसाठी एवढं विरळ धुकं जंगलात फारसं उपयोगी नाही, कारण रानात आपण पाहतो ते अंतरच मुळी पन्नास-शंभर मीटरचं असतं. समजा दृश्यमानता २०० मीटर आहे. १९२४ मध्ये कोशमीडर या शास्त्रज्ञाने मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर १० मीटरवरच्या खोडाचा मागच्या पांढऱ्याशी असलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळ यांतला फरक, ८२ टक्के शिल्लक राहतो. ३० मीटरवरच्या झाडाचा ५६ टक्के, ५० मीटरवर ३८, १०० मीटरवर १४. दोनशे मीटरवर उरतो फक्त २ टक्के, आणि तिथे झाड दिसेनासं झालं असं आपण म्हणतो.

या आकड्यांकडे नीट पाहा, कारण पुढचं सगळं यातच आहे. दहा आणि तीस मीटरवरच्या झाडांत मोठा फरक, तीस आणि पन्नासमध्येही स्पष्ट फरक. पण दोन्ही झाडं दहा-बारा मीटरवर असतील तर फरक जवळजवळ शून्य. म्हणजे धुक्यात खोली हवी असेल तर चौकटीतली झाडं वेगवेगळ्या अंतरांवर असायला हवीत. एक जवळ, दोन-तीन मध्ये, काही लांब. सगळी एका रांगेत असली तर कितीही दाट धुकं असो, फोटो सपाटच येतो.

चित्रकार हे फार आधीपासून ओळखून होते. चीनमध्ये अकराव्या शतकात गुओ शी डोंगरांच्या मधोमध धुक्याचे पट्टे सोडून अंतर दाखवत असे. त्याचं १०७२ सालचं वसंताचं चित्र आजही तैपेईच्या संग्रहालयात आहे. जपानच्या हासेगावा तोहाकूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सहा-सहा पटांच्या दोन पडद्यांवर नुसत्या काळ्या शाईने धुक्यातले पाइन वृक्ष काढले. त्यात कागदाचा मोठा भाग कोराच आहे. जवळची झाडं गडद शाईच्या जोरकस फटकाऱ्यांनी काढलेली, लांबची पाण्यासारख्या फिकट शाईने. मध्ये काहीच नाही, आणि ते काहीच नसणं म्हणजेच धुकं. युरोपात लिओनार्दो दा विंचीने लांबच्या वस्तू फिक्या आणि निळसर का दिसतात यावर टिपणं लिहिली.

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांच्यापासून जलरंगातल्या निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे. एखादा जलरंग-चित्रकार धुक्यातली झाडं रंगवताना कधी पाहायला मिळाला तर जरूर पाहा. तो आधी कागद ओला करतो आणि लांबची झाडं भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाने त्या ओलाव्यावर सोडतो. त्यांच्या कडा आपोआप विरघळतात. कागद सुकत जातो तसा तो पुढे येतो, रंग दाट होतो, कडा धारदार होतात. अगदी शेवटी जवळचं खोड कोरड्या कागदावर गडद रंगाने. फिक्याकडून गडदाकडे आणि मऊ कडेकडून कणखर कडेकडे जाणारा हा क्रम आणि वर दिलेला टक्केवारीचा क्रम एकच आहे. फोटो चित्रासारखा दिसतो तो हा क्रम त्यात शाबूत राहिल्यामुळे.

मग कॅमेरा हातात असताना हा क्रम सांभाळायचा कसा?

पहिली गोष्ट पायांची. लोक विचारतात की धुक्यासाठी कोणती लेन्स चांगली. ७० ते २०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स (लांबचं मोठं करून दाखवणारी) सोयीची पडते हे खरं, पण त्यात लेन्सची जादू नाही. टेलिफोटो लावली की तुम्ही झाडापासून लांब उभे राहता, त्यामुळे मध्ये जास्त धुकं येतं. वाइड लेन्सने तेच झाड चौकटभर करायला अगदी जवळ जावं लागतं आणि मध्ये धुकं उरतच नाही. पायाशी झुडपांची गर्दी मात्र येते. म्हणून झाड जास्त गडद वाटलं तर मागे सरका आणि झूम करा, फारच फिकट वाटलं तर पुढे जा.

दोन पावलं डावी-उजवीकडे सरकणंही तितकंच महत्त्वाचं. पुढचं खोड मागच्या खोडावर आलं की दोन्ही मिळून एक ओबडधोबड आकार होतो. त्यांच्यामध्ये हातभर पांढरी फट मिळाली की दोन स्वतंत्र झाडं दिसू लागतात. मी जागा नक्की करताना एक डोळा मिटून बघते. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली आयतीच कळते, कॅमेऱ्याला ती कळत नाही, आणि एका डोळ्याने पाहिलं की कोणती खोडं एकमेकांना चिकटली आहेत ते लगेच दिसतं.

प्रकाशाची दिशाही पाहा. धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. त्यामुळे सूर्य धुक्यामागे असेल आणि तुमचं तोंड त्याच्याकडे असेल तर धुकं उजळून निघतं आणि झाडं गडद आकृत्या होतात. सूर्य पाठीशी असेल तर तेच धुकं मलूल राखाडी दिसतं, पण शेवाळाचा हिरवा आणि खोडाचा तपकिरी रंग जास्त टिकतो. पावसाळ्यात सूर्य दिसतच नसला तरी आभाळाची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ असते. एकदा जागच्या जागी गोल फिरून बघितलं की कळतं.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याबद्दल, एकच नियम लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. धुकं त्यापेक्षा उजळ असतं, म्हणून कॅमेरा त्याला दाबून काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३ ठेवलं की धुकं धुक्यासारखं येतं. हिस्टोग्रामचा (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा कॅमेऱ्यातला आलेख) डोंगर मध्याच्या उजवीकडे असावा, पण उजव्या भिंतीला टेकू नये. धुकं पूर्ण पांढरं जळून गेलं तर त्यातले फिकट फांद्यांचे ठसे परत मिळत नाहीत, आणि चित्रपण तर त्या ठशांतच असतं.

ऑटोफोकस धुक्यात गोंधळतो, कारण त्याला पकडायला कॉन्ट्रास्ट लागतो. जवळच्या खोडाच्या कडेवर फोकस करा, नाहीतर लाइव्ह व्ह्यू मोठं करून हाताने लावा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) एफ ८ च्या आसपास पुरतं. मागचं धूसर करण्याचं काम धुकं करतंच आहे, त्यासाठी अ‍ॅपर्चर उघडायची गरज नाही. दाट रानात एफ ८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० वर शटर सहज पाव ते अर्ध्या सेकंदावर जातं, म्हणून ट्रायपॉड हवा. वारा असेल तर आयएसओ १६०० किंवा त्याहून वर न्यायला संकोच करू नका. हललेल्या पानांपेक्षा थोडे दाणे परवडतात.

पोलरायझर फिल्टर मला पावसाळी रानात अत्यावश्यक वाटतो. ओल्या पानांवर आभाळाचं पांढरं प्रतिबिंब चमकतं आणि त्याखाली पानाचा खरा रंग झाकला जातो. फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि हिरवा, तांबूस, शेवाळी रंग वर येतो. त्याच्यामुळे दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो, तेवढं शटर मंद करावं लागतं. व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-गारवा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता ५००० ते ५५०० केल्विनला बांधून टाकावा. ऑटोमध्ये कॅमेरा धुक्याचा निळसर गारवा दुरुस्त करायला जातो आणि प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो.

मोबाइलवाल्यांसाठी थोडं सविस्तर, कारण तिथे अडचण वेगळी आहे. आजचे फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतात, त्या जोडतात आणि प्रत्येक भागाचा कॉन्ट्रास्ट आपल्या बुद्धीने वाढवतात. फोनच्या दृष्टीने धुकं म्हणजे दोष. तो दुरुस्त करायच्या नादात लांबची फिकट झाडं गडद होतात, कडांना कृत्रिम धार येते आणि अंतराचा क्रम मोडतो. उपाय असा, की प्रो मोड असेल तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जवळपास तसंच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. एचडीआर आणि सीन ओळखण्याची सोय बंद करता येत असेल तर करा. स्क्रीनवर झाडाला स्पर्श करून धरून ठेवा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथे अडकतं, मग बोटाने उजेड थोडा वाढवा. टेलिफोटो कॅमेरा असेल तर तो वापरा, पण डिजिटल झूम टाळा.

रॉचा आग्रह का, तर धुक्याच्या फोटोतले सगळे रंग उजेडाच्या एका अरुंद पट्ट्यात बसलेले असतात. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, त्यातल्या थोड्याच या पट्ट्याच्या वाट्याला येतात. नंतर एडिट करताना पट्टा ताणला की धुक्यात पायऱ्या दिसू लागतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे धुकं मऊ राहतं. अशा सपाट उजळ भागात सेन्सरवरची धूळही ठसठशीत दिसते. घरून निघण्याआधी सेन्सर तपासून घ्यावा. एसी गाडीतून कॅमेरा एकदम ओल्या हवेत काढला तर लेन्सवर वाफ धरते. थोडा वेळ बॅगेतच राहू द्यावा.

फोटो चित्रासारखा असावा की फोटोसारखा, हा वाद फोटोग्राफीइतकाच जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिक्टोरियलिस्ट म्हणवणारे छायाचित्रकार मुद्दाम मऊ, धूसर चित्रं करत. लंडनमध्ये १८९२ ला लिंक्ड रिंग आणि न्यूयॉर्कमध्ये १९०२ ला आल्फ्रेड स्टिगलिट्झच्या पुढाकाराने फोटो-सिसेशन हे त्यांचे गट उभे राहिले. एडवर्ड स्टायकनने १९०४ मध्ये काढलेल्या तळ्याकाठच्या झाडांच्या चांदण्यातल्या छायाचित्राची एक प्रत २००६ मध्ये २९ लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकली गेली. त्याविरुद्ध १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात एफ ६४ गट निघाला. त्यांचा आग्रह होता की कॅमेऱ्याने कॅमेऱ्यासारखंच, काटेकोर तीक्ष्ण दाखवावं. मला धुक्यातल्या झाडाचं मोल या वादामुळे आणखी वाटतं. त्याचा अगदी तीक्ष्ण, प्रामाणिक फोटो काढला तरी तो चित्रासारखाच दिसतो. दोन्ही बाजूंना मान्य व्हावी अशी ही जागा आहे.

तरीही मुद्दाम धूसर करण्याच्या काही पद्धती आहेत. शटर पाव ते अर्ध्या सेकंदावर ठेवून, उघडं असताना कॅमेरा खोडाच्या दिशेने वरून खाली संथ सरकवायचा. खोडं उभ्या रेषा होतात, पानं रंगाचे फराटे. सरळ उंच झाडांना हे शोभतं. अंजनीसारख्या वाकड्या झाडांचा मात्र आकारच नाहीसा होतो, आणि आकार हीच त्यांची दौलत. शिवाय दाट धुक्यात तपशील आधीच गेलेला असतो. त्यावर कॅमेराही हलवला की धरायला काहीच उरत नाही. म्हणून ही पद्धत विरळ धुक्यात, रंग शिल्लक असताना वापरावी.

दुसरी पद्धत कॅनडातल्या मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. ते एकाच दृश्याच्या दोन स्लाइड काढत, दोन्ही जास्त उजळ, एक तीक्ष्ण आणि एक आउट ऑफ फोकस, आणि एकावर एक ठेवून पाहत. तपशील राहतो आणि भोवती मंद झळाळी येते. आज तोच परिणाम दोन लेअरनी मिळतो. पण धुक्याच्या फोटोवर तो फार हलका हवा, नाहीतर जंगल साबणाच्या जाहिरातीसारखं गुळगुळीत होतं.

एडिटिंगमध्ये सगळ्यात मोठा मोह डीहेझ नावाच्या स्लायडरचा. धुकं किती चढलंय याचा अंदाज बांधून ते वजा करणं हे अशा साधनांचं काम. मूळ झाडाचा प्रकाश अधिक धुक्याचा पांढरा थर, हेच समीकरण इथे उलट्या दिशेने सोडवलं जातं. तो उजवीकडे ओढला की तुम्ही पहाटे उठून ज्यासाठी घाटात गेलात तेच काढून टाकता. कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या क्लॅरिटी या स्लायडरचंही तेच. दोन्ही पूर्ण फोटोला लावू नयेत. मी उलट करते. फक्त सगळ्यात जवळच्या खोडावर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, थोडा कॉन्ट्रास्ट आणि उबदारपणा वाढवते आणि मागच्या झाडांवर क्लॅरिटी थोडी कमी करते. म्हणजे धुक्याने घातलेला क्रम थोडा ठळक होतो, मोडत नाही. काळा रंग अगदी काळा करू नये. धुक्यात शुद्ध काळं फार क्वचित असतं आणि असा एखादा डाग सगळं लक्ष खेचून घेतो.

रानात वावरतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. आंबोलीच्या पावसात चापडा हा विषारी साप झुडपांवर, कंबरेच्या-छातीच्या उंचीवर पानाच्या रंगात मिसळून बसलेला असतो. चौकटीत आडवी येणारी फांदी हाताने बाजूला करायला जाऊ नका. ती मोडूही नका, आपण दोन पावलं सरकावं. देवराईत तर गावाचे नियम पाळून आणि विचारूनच आत जावं. तिथली शेवाळाने मढलेली झाडं गावाने पिढ्यानपिढ्या न तोडल्यामुळेच एवढी मोठी झाली आहेत.

फोटो छापणार असाल तर चकचकीत कागद घेऊ नका. त्यावर खोलीतल्या दिव्यांची प्रतिबिंबं पडतात आणि फिकट छटा त्यांत हरवतात. सुती लगद्याचा मॅट कागद घ्या. त्यावर काळा रंग थोडा कमी खोल येतो, पण धुक्याच्या फोटोला तो तसाच हवा असतो. मोठी प्रत काढण्याआधी एक छोटी चाचणी-प्रत छापून खिडकीच्या उजेडात बघा. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, त्यामुळे पडद्यावर नेमकं वाटणारं धुकं कागदावर हमखास एखादी छटा गडद येतं. तेवढं एक्स्पोजर वाढवून मग मोठी प्रत काढावी.